कार्डाचा नंबर तुम्हाला हवाय कशाला?

दिवाळीला दोन महिने उरले की फराळवाले, कंदीलवाले, पैठणीवाले अशा सगळ्यांनाच एकदम वेबसाइटवर कार्डाने पैसे घ्यायचे असतात, आणि तेही येत्या सोमवारपासून. प्रश्न मात्र दरवर्षी तेच येतात, आणि निम्मे तरी ‘कुणीतरी सांगितलं’ याच आधारावर. छोट्या व्यावसायिकांच्या साइटना पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाचे पैसे साइटवर घेऊन दुकानदाराच्या खात्यात पोचवणारी सेवा, जोडून देणं हे माझं काम. मी सीए नाही, वकीलही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : हळद-मसाल्यांची साइट तयार आहे. कार्ड घ्यायला चालू खातंच लागतं का? (सांगली)

व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडा. काही गेटवे एकट्या मालकाला बचत खात्यावरही घेतात, पण उलाढाल वाढली की बँक विचारणारच. शाखेत जाऊन बोला.

प्रश्न : एजंट म्हणतो, त्याच्या गेटवेवर शून्य टक्के लागतात. दुसरा दोन टक्के सांगतो. मग पहिलाच घ्यावा ना?

शून्य कशावर, ते विचारलंत का? यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे दुकानदाराकडून कापली जाणारी फी, सरकारनेच १ जानेवारी २०२० पासून शून्य केला आहे. ते तुमच्या एजंटाचं औदार्य नव्हे. इतर डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे : वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ऑनलाइन व्यवहारावर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यापुढच्यांना ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, आणि गेटवेची खरी कमाई तिथेच असते. शिवाय एमडीआर शून्य असला तरी ‘प्लॅटफॉर्म फी’ नावाने काही लावलंय का, तेही पाहा.

आता हिशोब. ५,००० रुपयांची ऑर्डर क्रेडिट कार्डावर आली आणि दर दोन टक्के असला तर १०० रुपये गेले. त्या शंभर रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८ रुपये. हातात ४,८८२ रुपये, आणि तेही बहुधा दोन कामाच्या दिवसांनी. ग्राहकाने माल परत केला तर तुम्ही पाचच्या पाच हजार परत देता, गेटवे मात्र आपली फी सहसा परत करत नाही. हे एजंटाने सांगितलं का? कार्डाच्या प्रत्येक प्रकाराचा दर लेखी मागा आणि तो कागद सही करण्याआधी सीएला दाखवा.

प्रश्न : मग कार्डाने देणाऱ्याकडून दोन टक्के जास्त घेतले तर?

घेऊ नका. डेबिट कार्डावर तसं करायला रिझर्व्ह बँकेचीच मनाई आहे. क्रेडिट कार्डासाठी गेटवेबरोबरचा करार वाचा. खर्च किमतीत धरा.

प्रश्न : आमचा मालवणजवळ होमस्टे आहे. पाहुणे फोनवर कार्डाचा नंबर देतात, आम्ही लिहून ठेवतो. न कळवता आले नाहीत तर एका दिवसाचं भाडं कापता यावं म्हणून. आता साइटवर तसाच फॉर्म करायचाय. वेबसाइटवाला म्हणतो, एसएसएल आहे, पत्त्याशेजारी कुलूप दिसतं, म्हणजे सुरक्षित आहे. बरोबर ना?

नाही. आणि हे जरा सविस्तरच सांगतो, कारण महिन्यातून दोनदा तरी मला हीच वही दिसते.

मागे अशाच एका होमस्टेच्या काउंटरवर पाहिलेली वही अजून डोळ्यासमोर आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्यावर देवाचं चित्र. आत रकाने आखलेले : नाव, कार्डाचे सोळा आकडे, मुदत, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनाने मागचे तीन आकडे. शेजारी चहाचा कप. भांडी घासायला येणाऱ्या बाईंपासून केबलवाल्यापर्यंत कुणीही ती उघडू शकलं असतं. मालक अगदी सज्जन. त्यांना वाटत होतं की हा चोख कारभार आहे.

आधी कुलपाचं. ते कुलूप एवढंच सांगतं की पत्र बंद पाकिटातून गेलं. पोचल्यावर पाकीट फुटतं. मग तो नंबर तुमच्या ईमेलमध्ये पडतो, साइटच्या डेटाबेसमध्ये पडतो, वेबसाइटवाल्याच्या बॅकअपमध्ये जातो, तुमच्या भाच्याच्या मोबाइलवर उघडतो. कुलूप यातल्या कशाचीच राखण करत नाही.

आता नियम. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात कार्ड देणारी बँक आणि कार्डाचं नेटवर्क सोडून कुणीही कार्डाचा तपशील साठवायचा नाही. दुकानदाराने नाही, गेटवेनेही नाही. ओळखीपुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. ‘कार्ड सेव्ह करा’ असं मोठ्या साइटवर दिसतं तिथे खरा नंबर ठेवलेला नसतो, त्याच्या जागी टोकन असतं. ते त्या एका दुकानापुरतंच; चोरीला गेलं तरी दुसरीकडे चालत नाही. आणि मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानदाराने जवळ ठेवणं कार्ड कंपन्यांच्या पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकाला कधीच मान्य नव्हतं. कूटबद्ध करूनसुद्धा नाही. ‘आम्ही पासवर्ड लावलाय’ हे उत्तर म्हणून चालत नाही.

यातून सुटायचा मार्ग सोपा आहे : नंबर तुमच्याकडे येऊच देऊ नका. ग्राहकाने ‘पैसे भरा’ दाबलं की तो गेटवेच्या पानावर गेला पाहिजे, किंवा गेटवेची चौकट तुमच्या पानात उघडली पाहिजे. आकडे तिथे टाकले जातात, तुमच्या सर्व्हरला फक्त ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढंच कळतं. असं केलंत तर पीसीआयची सगळ्यात छोटी प्रश्नावली तुमच्या वाट्याला येते. स्वतःच्या फॉर्ममध्ये आकडे घेतलेत तर तपासण्यांचं जे ओझं येतं ते पाच खोल्यांच्या होमस्टेला झेपणारं नाही.

तरीही पेमेंटच्या पानावर चॅटचा बुडबुडा, सवलतीचं फिरतं चक्र, कुणाकुणाचे फुकट प्लगइन लावत बसू नका. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटमध्ये चोरांनी मोजक्या ओळींचा कोड घुसवला आणि ग्राहक टाइप करत असतानाच त्यांच्या कार्डांचे आकडे पळवले. २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला २ कोटी पौंड दंड केला. विमान कंपनीच्या नजरेतून ते सुटलं, तर तुमचा वेबसाइटवाला रात्री जागून पाहणार आहे का?

न येणाऱ्या पाहुण्याचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. बुकिंगच्या वेळीच गेटवेची पेमेंट लिंक पाठवून आगाऊ रक्कम घ्या आणि किती दिवस आधी कळवलं तर किती परत मिळेल, हे साइटवर ठळक लिहा. कार्ड ‘धरून ठेवायची’ गरज उरत नाही.

आणि ती वही? फाडून जाळा. गणपती झाल्यावर नाही, आज. व्हॉट्सअॅपवर आलेले कार्डांचे फोटो, ते आपोआप गॅलरीत आणि ऑनलाइन बॅकअपमध्ये गेलेले, जुने ईमेल, एक्सेलच्या फायली, सगळं काढा. त्यातला एखादा नंबर बाहेर गेल्याची शंका असेल तर आधी तुमच्या बँकेला आणि गेटवेला कळवा, आणि पुसण्याआधी त्यांचा सल्ला घ्या.

प्रश्न : ग्राहकाच्या कार्डातून पैसे गेले, माझ्याकडे ऑर्डर ‘पेंडिंग’ दिसते. तो फोनवर ओरडतोय. मी माझ्या खात्यातून यूपीआयने परत करू का?

नको. आधी गेटवेच्या डॅशबोर्डवर पाहा. तिथे पैसे जमा दिसत असतील तर ऑर्डर झालेली आहे, फक्त तुमच्या साइटला कळलं नाही. बहुतेक वेळा ग्राहक ओटीपी टाकतो आणि चाक फिरताना पाहून कंटाळून टॅब बंद करतो. साइट ‘परत आलेल्या’ ग्राहकाची वाट पाहत बसते. यासाठी वेबहुक असतं : गेटवे परस्पर तुमच्या सर्व्हरला निरोप देतो. ते लावलंय का, निरोप खरंच गेटवेचाच आहे ना हे ठरवणारी त्याची डिजिटल सही तपासली जाते का आणि रक्कम ऑर्डरशी जुळवली जाते का, हे तीन प्रश्न तुमच्या वेबसाइटवाल्याला विचारा. रक्कम न जुळवणाऱ्या एका आंबेवाल्याची पाच डझनांची पेटी एक रुपयाला गेलेली मी पाहिली आहे. किंमत ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानातच लिहिलेली होती, कुणीतरी ती बदलली.

डॅशबोर्डवर पैसे नसतील तर ते बँकेच्या वाटेत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई. ग्राहकाला व्यवहार क्रमांक द्या आणि त्याच्या बँकेकडे पाठवा. खिशातून दिलेत आणि बँकेनेही दिले, तर ते दुसरे पैसे आणायला कुणाकडे जाणार?

प्रश्न : १८ हजारांची पैठणी पाठवली. दीड महिन्याने ग्राहक म्हणतो मिळालीच नाही, आणि चार्जबॅक आला, म्हणजे त्याच्या बँकेने पैसे परत मागितले. त्याने ओटीपी टाकला होता, मग असं कसं करता येतं? (येवला)

ओटीपीने एवढंच ठरतं की कार्ड कुणी वापरलं. साडी पोचली की नाही, हे ओटीपीला काय माहीत? माल न मिळाल्याची तक्रार व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत साधारण १२० दिवसांपर्यंत करता येते. दीड महिना म्हणजे काहीच नाही.

तुमच्या पत्राची तारीख पाहता नोटीस येऊन सहा दिवस झाले होते आणि तुम्ही मला लिहीत होता. मला काय लिहिता? नोटिशीत मुदत दिलेली असते आणि ती थोड्याच दिवसांची असते. चुकली की पैसे गेले, मग तुम्ही कितीही खरे असा. बिल, पार्सलचं वजन लिहिलेली पावती, घेणाऱ्याची सही असलेला कुरिअरचा पुरावा, ग्राहकाशी झालेला संवाद, सगळं आजच गेटवेच्या तक्रार विभागाकडे पाठवा. ‘दारात ठेवलं’ असा कुरिअरचा शेरा पुरावा म्हणून फारच लंगडा असतो. एवढ्या किमतीची साडी सहीशिवाय देऊ नका. दावा हरलात तर वकिलाला विचारा.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या मराठी ग्राहकांकडून फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत. गेटवेमध्ये नुसतं ‘इंटरनॅशनल’ चालू केलं की झालं?

झालं नाही. परदेशी कार्डांसाठी गेटवे वेगळी परवानगी देतो, दर जास्त असतो आणि निर्यातीचे कागद मागितले जातात. आयात-निर्यात कोड, बँकेचे नियम आणि तिकडे खाद्यपदार्थ उतरवून घेण्याच्या अटी यासाठी सीए आणि कस्टम्सचं काम करणारा माणूस दोघांनाही विचारा. आणखी एक : परदेशी कार्डावर ओटीपी मागितला जाईलच असं नाही. त्यामुळे चोरीची कार्डं चालतात का हे पाहणारे भामटे छोट्या साइट शोधतच असतात. रात्री अडीच वाजता एकेक डॉलरच्या चाळीस ऑर्डरी आल्या तर तो धंदा नव्हे. गेटवेला लगेच कळवा आणि ते पैसे परत करा.

प्रश्न : जीएसटी नंबर लागतो का?

गेटवेला दर वेळी लागतोच असं नाही. कायद्याने तुम्हाला लागतो का, हा वेगळा प्रश्न. परराज्यात माल पाठवत असाल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको ही सवलत गृहीत धरू नका. सीए.

प्रश्न : केवायसी तीनदा नाकारली. एक जण पाच हजारांत ‘अप्रूव्ह करून देतो’ म्हणतोय.

नाकारल्याचं कारण ईमेलमध्ये लिहिलेलं असतं. वाचलंत का? बहुधा पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नाही, किंवा साइटवर परतावा, डिलिव्हरी, गोपनीयता यांची पानं आणि खरा पत्ता नाही, किंवा खाद्यपदार्थ असून परवान्याचा क्रमांक नाही. यातलं पाच हजारांत काहीही जुळत नाही. गेटवेच्या मदत विभागाला त्यांच्या साइटवरूनच लिहा. आणि ‘मी गेटवेमधून बोलतोय, स्क्रीन शेअर करा’ असा फोन आला तर ठेवून द्या. स्क्रीन दाखवून झाली असेल तर आधी बँकेला फोन, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मग मला.