चेहरा ओळखला जावा, पण दिसू नये: हे जमते का?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या फाटकावर चेहरा ओळखून दार उघडणारे यंत्र बसवण्याचा ठराव येत्या सभेत आहे. विक्रेता सांगतो की, फोटो साठवला जातच नाही, सगळे ‘एन्क्रिप्टेड’ असते. प्रकाशीय कूटबद्धीकरणाने चेहरा कॅमेऱ्यात उमटण्यापूर्वीच झाकता येतो, असे माझ्या वाचनात आले. हे खरे आहे का? आणि विक्रेता म्हणतो ते हेच का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘बऱ्याच अंशी होय’ आणि दुसऱ्याचे ‘बहुधा नाही’ असे आहे. बाजारातील नेहमीच्या यंत्रात कॅमेरा आधी तुमचा स्वच्छ फोटो टिपतो, त्यावरून काही शे आकड्यांची एक मालिका तयार होते आणि मग ती मालिका कुलूपबंद केली जाते. म्हणजे क्षणभर का होईना, चेहरा यंत्राच्या स्मृतीत उघडा असतोच. शिवाय त्या आकड्यांवरून मूळ चेहऱ्याशी मिळतेजुळते चित्र पुन्हा उभे करता येते, हे संशोधकांनी दाखवले असल्यामुळे ‘फोटो साठवत नाही’ या वाक्याने फारसे निर्धास्त होऊ नये. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा कोठून बदलणार?

प्रकाशीय पद्धतीत गोंधळ घालण्याचे काम प्रकाशाकडूनच करून घेतात. फिलिप रेफ्रेजिए आणि बहराम जाविदी या संशोधकांनी १९९५ साली मांडलेल्या रचनेत दोन भिंगे आणि दोन पारदर्शक पट्ट्या असतात. पट्टीची जाडी ठिकठिकाणी यदृच्छेने कमीजास्त असल्यामुळे तिच्यातून जाणाऱ्या लहरी कोठे थोड्या मागे पडतात, तर कोठे पुढे राहतात. पहिली पट्टी चित्राला लागून असते आणि दुसरी दोन भिंगांच्या मधोमध, जेथे चित्रातील बारीक व ठळक तपशील वेगवेगळे पसरलेले असतात. पलीकडे जे उमटते ते सिग्नल गेलेल्या जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखे दिसते. दुसरी पट्टी, किंवा तिची हुबेहूब नोंद, हीच चित्र परत मिळवण्याची किल्ली. न्हाणीघराच्या दुधी काचेचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. फरक इतकाच की त्या काचेची किल्ली कोणी जपून ठेवलेली नसते.

मात्र ही मूळ रचना लेसरच्या शिस्तबद्ध प्रकाशावर चालते आणि फाटकावर तर ऊन किंवा ट्यूबलाइट असते. म्हणून चेहऱ्यासाठी अधिक जवळचा मार्ग म्हणजे भिंगाविना कॅमेरा. त्यात भिंगाऐवजी सेन्सरसमोर नक्षीदार पट्टी बसवतात, सेन्सरवर नुसता धूसर डाग पडतो आणि ओळखणाऱ्या संगणकीय जाळ्याला (न्यूरल नेटवर्कला) त्या डागांवरूनच माणसे ओळखायला शिकवतात. चेहरा पुन्हा जुळवण्याची पायरी गाळता येते, हे यातले खरे मर्म आहे.

तरीही हे अभेद्य कवच नव्हे. १९९५च्या पद्धतीतील गणित रेषीय, म्हणजे साध्या बेरीज-गुणाकाराचे असल्यामुळे, मूळ चित्र आणि त्याचे कूटरूप अशा जोड्या हाती लागल्यास किल्ली शोधता येते, हे २००५-०६च्या सुमारास उघड झाले. भिंगाविना कॅमेऱ्यात तर पट्टी कायमची असते. तिच्यासमोर एक बारीक प्रकाशबिंदू धरून सेन्सरवरील नक्षी टिपली की डागावरून चेहरा परत मिळवण्याचे साधन हाती येते. तेव्हा यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न पट्टीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आणखी एक गोष्ट माझ्या मते सोसायटीच्या सभेत अधिक निकडीची आहे. चेहरा कितीही झाकला, तरी ओळख पटतेच, कारण यंत्र त्याचसाठी बसवलेले असते. त्यामुळे ‘ब विंगमधील अमुक सदस्य रात्री पावणेबाराला आले’ ही नोंद तयार होतच राहते, आणि तिच्यावर प्रकाशीय पद्धतीचा काही इलाज नाही. म्हणून विक्रेत्याला लेखी विचारावे: सेन्सरवर चेहरा उमटतो की डाग, आकड्यांची मालिका फाटकावरच राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि येण्याजाण्याची नोंद किती दिवसांनी पुसली जाते. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात म्हटले आहे. त्याच धर्तीवर, ज्या सदस्यांना चेहरा द्यायचा नाही त्यांच्यासाठी कार्डाने दार उघडण्याची सोय ठरावातच लिहून घ्यावी.