हवाई बेटांवर परदेशी चाऱ्याच्या गवताने आगी भडकल्या, मग आपल्या माळावर गिनी गवत, सुबाभूळ लावावी का?

लावा, पण पाण्याची सोय असलेल्या बांधावर. माळावर नको. मी आटपाडीकडचा, दारात शेळ्या-मेंढ्या आहेत, तेव्हा उत्तर त्याच अंगाने देतोय.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. ऑगस्ट 2023 मध्ये माउई बेटावरचं लाहायना गाव जळालं. ठिणगी विजेच्या तारांची, वारं तुफान, पण आग पसरायला हातभार लागला तो वाळलेल्या गवताचा. उसाचे मळे बंद पडले, रानं पडीक राहिली आणि गुरांसाठी आणलेलं गिनी आणि बफेल गवत तिथे माजलं. बफेल म्हणजे आपलं अंजनच बरं का! आपल्याकडे ते घरचं, तिकडे उपरं. त्या बेटांवर मुळात गवत खाणारं जनावरच नव्हतं, पहिली गुरं उतरली 1793 मध्ये. तिथल्या झाडांना ना चराईची सवय, ना आगीची. एकदा जळालं की झाडं सहजी परत येत नाहीत, गवत मात्र पावसाबरोबर फुटतं आणि पुढच्या आगीची सोय करून ठेवतं.

आपल्या माळावर मारवेल, पवना, अंजन, कुसळी ही गवतं पिढ्यान्‌पिढ्या खिल्लार आणि मेंढरांच्या तोंडाखाली आहेत. त्यामुळे तिथे बाहेरचं काही आणायची गरजच नाही. बिघडतं ते आपल्याच वणव्याने. उन्हाळ्यात डोंगर पेटवणारे म्हणतात, गवत जोमाने फुटतं. फुटतं की, पण कुसळी! मारवेल, पवना मागे पडतात. कुसळी कोवळी कापली तर गुरं खातात. एकदा कुसळ धरलं की संपलं. त्या बियाला पुढे टोक आणि मागे पीळ असलेली शेपटी. दवाने पीळ सुटतो, उन्हाने परत बसतो, आणि तसं फिरत फिरत बी मातीत घुसतं. मातीऐवजी मेंढीची लोकर सापडली तर थेट कातड्यात. हवाईतही हेच गवत आहे, पिली म्हणतात, पूर्वी त्याने घरं शाकारायचे.

माळ सुधारायचाच असेल तर पहिल्या पावसात मारवेलीचे ठोंब लावा आणि तेवढा तुकडा वर्षभर राखा. गावकी ऐकत नाही, हे मलाही माहीत आहे.

गिनी गवत कापून घालायचं, त्याला पाणी लागतं, म्हणून ते विहिरीजवळ बरं. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विष असतं, त्याने घोड्यांची आयाळ-शेपटी झडते. हवाईतल्या शेळ्या मात्र ती बिनघोर खायच्या. त्यांच्या पोटातले जिवाणू ते विष पचवतात असं निघालं, आणि ते जिवाणू पुढे ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले गेले. तरी आपण सांभाळून, चाऱ्यात तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. आणि शेंगा वाळायच्या आत छाटत जा, नाहीतर शेजाऱ्याच्या रानात रोपं उगवतील आणि भांडण तुमच्या दारात येईल.