अवतारामागची व्यक्ती ओळखता आली, तर?

प्रश्न : मी मानेवाड्यात राहतो आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक मराठी स्ट्रीमर (इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणारी) चित्रातल्या अवताराच्या रूपात गेम खेळते, गप्पा मारते, पण नाव-गाव सांगत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या स्ट्रीममध्ये मागून नागपूरच्या मारबत मिरवणुकीतला 'घेऊन जा गे मारबत' हा गजर ऐकू आला आणि ती नागपूरची असल्याचे लक्षात आले. पुढे तिच्या 'काऊन', 'करून राहिली' अशा बोलण्यावरून आणि हसण्यावरून ती शाळेतली माझी वर्गमैत्रीण असल्याची खात्री पटली. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवरील आमच्या गटात ती कोण असावी याचे तर्क रोज चालतात. मी गप्प आहे. 'मी तुला ओळखले' असे तिला कळवावे का? आणि इतकी लपवाछपवी ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे का? (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : तुम्ही गप्प राहिलात हे फार चांगले केलेत आणि पुढेही गप्पच राहा. गटात कोणी चुकीचे नाव घेतले तर 'ती नव्हे' असेही म्हणू नका, कारण तेवढ्याने यादीतले एक नाव कमी होते आणि शोध एक पाऊल पुढे सरकतो.

फसवणूक म्हणजे दिलेला शब्द मोडणे. चेहरा दाखवण्याचा शब्द तिने दिलेला नाही आणि समोर दिसते ते चित्र आहे, हे पहिल्या मिनिटापासून सर्वांना माहीत आहे. आपल्याच शहरात माणिक गोडघाटे महाविद्यालयात शिकवत होते आणि कविता 'ग्रेस' या नावाने लिहीत होते. त्यात वाचकांची फसवणूक झाली असे आपण म्हणत नाही. जपानमध्ये २०१६च्या अखेरीस किझुना आय हे असेच अवताराचे पात्र यूट्यूबवर आले. २०१९ मध्ये त्याच चित्रामागे वेगवेगळे आवाज वापरण्यात आले तेव्हा चाहते दुखावले गेले आणि २०२० मध्ये मूळ आवाज देणाऱ्या कलाकाराचे नाव अधिकृतपणे जाहीर झाले. ज्यांनी चेहरा कधी पाहिला नव्हता, त्या प्रेक्षकांना माणूस बदललेला मात्र लगेच जाणवला. तुमच्या स्ट्रीमरचा हजरजबाबीपणा, तिचा वैताग, तिचे हसणे हे सारे तिचे स्वतःचे आहे आणि ते ती तुम्हाला देतच आहे. उद्या तिने खोटे आजारपण सांगून पैसे गोळा केले, तर ती फसवणूक ठरेल. मग तिने चेहरा उघडा ठेवलेला असला तरीही.

आणखी एका गोष्टीचा विचार करा. त्या चॅटमध्ये तुम्ही स्वतः कोणत्या नावाने लिहिता? बहुतेक प्रेक्षक टोपणनावानेच तिथे येतात, आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. जी मोकळीक आपण न मागता घेतो, ती समोरच्या मुलीला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो? म्हणूनच त्या टोपणनावाने 'मी तुला ओळखले' असा संदेश तिला कदापि पाठवू नका. हेतू कितीही निर्मळ असला, तरी कोण्या अनोळखी माणसाला आपला पत्ता लागला आहे, एवढेच तिला त्यातून कळेल आणि तिची झोप उडेल. तिचा आणि तुमचा आजही संपर्क असेल, तरच स्वतःच्या नावाने, एकदाच आणि थोडक्यात सांगा : मारबतीचा आवाज स्ट्रीममध्ये आला होता, पुढच्या वर्षी त्या दिवशी माइकची काळजी घे, मी कोणाला काही बोललेलो नाही. ती उत्तर देवो अथवा न देवो, विषय तिथेच थांबवा. संपर्क उरला नसेल, तर काहीच कळवू नका.

गटातल्या मित्रांना मात्र एक गोष्ट अवश्य सांगा. अवताराला उद्देशून केलेली शिवीगाळ त्यामागच्या माणसालाच लागते, हे जपानमधल्या ओसाका जिल्हा न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केले आहे. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या पीठात आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडेही होते.

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी रात्री अवतार लावून स्ट्रीम करते. 'आई, मला कोणीच ओळखत नाही' असे ती म्हणते. मी निश्चिंत राहावे का? (एक आई, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : ताई, पूर्ण निश्चिंत राहू नका, पण तिचा छंद बंदही करू नका. फोनचा कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या हालचाली टिपतो आणि पडद्यावरचे चित्र त्याप्रमाणे हलते, एवढेच यात घडते. ती प्रेक्षकांपासून लपलेली आहे. ज्या कंपनीच्या मंचावर ती बोलते, त्या कंपनीपासून नाही. कमाई सुरू झाली की बँक खाते आणि पॅन द्यावेच लागते, आणि ती सज्ञान नसल्याने त्या व्यवहारात तुमचे नाव येईल.

खरा धोका साध्या गोष्टींत असतो. प्रेक्षकांनी पैसे पाठवावेत म्हणून यूपीआयचा क्यूआर कोड पडद्यावर ठेवला, की पाठवणाऱ्याला खातेदाराचे खरे नाव दिसते. कितीतरी मुले ही एक गोष्ट विसरतात. तिने तसा कोड ठेवला असेल, तर आजच काढायला सांगा. भेटवस्तूंसाठी घरचा पत्ता देऊ नये, आणि 'आत्ताच आमच्याकडे लाइट गेली' असे बोलून जाण्याआधी थांबावे, कारण त्यावरून राहण्याचा भाग ओळखता येतो, हेही तिला समजावून सांगा. प्रेक्षकांपैकी कोणी एकटीला भेटायला बोलावले, तर ती ते तुम्हाला न घाबरता सांगू शकेल, एवढा मोकळेपणा घरात हवा.

या छंदाला कमी लेखू नका. पोर्तो रिकोची आयर्नमाऊस ही प्रतिकारशक्तीच्या गंभीर विकारामुळे फारशी घराबाहेर पडू शकत नव्हती. तिने अवताराच्याच रूपात स्ट्रीम केले आणि २०२३च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातील सर्वोत्तम कंटेंट क्रिएटरचा सन्मान मिळवला.

प्रश्न : माझ्या आवडत्या स्ट्रीमरने तो अवतार सोडला. नव्या अवतारातला आवाज तिचाच वाटतो. चॅटमध्ये जुने नाव लिहून विचारू का? (वाचक, वर्धा रोड)

उत्तर : विचारू नका. पुष्कळदा अवतार कंपनीच्या मालकीचा असतो आणि काम सोडताना तो मागे ठेवावा लागतो. होलोलाइव्ह या अवतारी स्ट्रीमरांच्या जपानी संस्थेची गॉर गुरा १ मे २०२५ रोजी निवृत्त झाली तेव्हा ते पात्र कंपनीकडेच राहिले. जुन्या नावाबद्दल बोलण्याची मुभा तुमच्या स्ट्रीमरला करारानुसार कदाचित नसेल आणि तुमच्या प्रश्नाने सर्वांसमोर तिचीच अडचण होईल. आवाज तोच आहे असे वाटत असेल, तर नव्या नावाने हाक मारा आणि आजच्या खेळाबद्दल बोला.