विंडोजवर सॉफ्टवेअर बसवताना '१६०३' एरर येते, फॉरमॅट मारावाच लागेल का?

तुमचा प्रश्न असा: घरच्या विंडोज ११ कॉम्प्युटरवर हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवताना पट्टी जवळजवळ शेवटपर्यंत जाते, मग उलटी येते आणि १६०३ हा आकडा दाखवून सेटअप बंद पडतो. तीनदा करून पाहिलं. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा.

फॉरमॅट मारू नका. १६०३ चा अर्थ एवढाच की इन्स्टॉलेशन पुरं होऊ शकलं नाही. का झालं नाही, हे तो आकडा सांगतच नाही. म्हणून नेटवर या एकाच आकड्याला वीस वेगळे उपाय सापडतात, आणि ज्याचा जो उपाय लागू पडला तो त्याला खरा वाटतो. खरं कारण 'लॉग' नावाच्या नोंदींच्या फाइलमध्ये लिहिलेलं सापडतं. ते वाचायला दहा मिनिटं पुरतात.

त्याआधी तीन साध्या गोष्टी उरकून घ्या. पहिली, रीस्टार्ट. शट डाऊन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे अर्धवट राहिलेले अपडेट तसेच अडकून राहतात. स्टार्ट मेनूतून 'रीस्टार्ट'च निवडा. दुसरी, जागा. सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर टाकायचं असलं तरी सेटअप आपल्या फाइली आधी सी ड्राइव्हवरच्या टेम्प फोल्डरमध्ये सोडवतो, त्यामुळे सी वर सेटअपच्या आकाराच्या निदान दुप्पट-तिप्पट जागा मोकळी हवी. तिसरी, सेटअप पेन ड्राइव्हवरून किंवा झिपच्या आतून चालवू नका. सी वर 'सेटअप' नावाचा फोल्डर करा, त्यात फाइल पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करा, मग राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'.

तरीही तोच आकडा आला, तर लॉग काढा. (पुढे ज्या आज्ञा देतो आहे त्या कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.) तुमची फाइल एमएसआय प्रकारची (नावाच्या शेवटी .एमएसआय) असेल तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि लिहा ('फाइल'च्या जागी तुमच्या फाइलचं नाव):

एमएसआयएक्झेक /आय "सी:\सेटअप\फाइल.एमएसआय" /एल*व्ही "सी:\सेटअप\लॉग.टीएक्सटी"

सेटअप ईएक्सई असेल तर विंडोज आणि आर दाबून %टेम्प% लिहा, फोल्डर उघडेल. तारखेनुसार लावलंत की नुकत्याच तयार झालेल्या लॉग फाइली वर येतील. बहुतेक सेटअप तिथेच लॉग ठेवतात.

लॉग नोटपॅडमध्ये उघडा आणि 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा. शब्द बरेचदा सापडतील, पण कामाचा पहिलाच, कारण पुढचे सगळे त्या पहिल्या अपयशाचे पडसाद असतात. त्याच्या वरच्या दहा-वीस ओळी सावकाश वाचा. तिथे बहुधा दुसरा एखादा आकडा असतो, आणि तोच खरा.

१३०३ किंवा १३२१ असेल तर अडचण परवानगीची. इथे बहुतेकांची गफलत होते: 'मी तर ॲडमिन आहे!' असाल, पण फाइली टाकायचं मुख्य काम विंडोज इन्स्टॉलर ही सेवा 'सिस्टिम' या खात्याने करते. ज्या फोल्डरमध्ये सॉफ्टवेअर जाणार त्यावर सिस्टिमला पूर्ण हक्क नसेल तर तुमचं ॲडमिन असणं उपयोगाचं नाही. लॉगमध्ये ज्या फोल्डरचं नाव आहे त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. यादीत सिस्टिम नसेल तर ॲड करून 'फुल कंट्रोल'ला टिक करा. फक्त त्याच फोल्डरला. अख्ख्या सी ड्राइव्हवर 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल द्या असा सल्ला कुठे दिसला तर कृपा करून ऐकू नका. त्याने कॉम्प्युटर उघडा पडतो. २५०२ किंवा २५०३ आला तर याच रीतीने सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या टेम्पवर सिस्टिमबरोबर तुमच्या खात्यालाही हक्क द्यायचा.

१३३५ म्हणजे सेटअपची फाइलच खराब उतरली आहे. पुन्हा डाउनलोड करा, तेही कंपनीच्या साइटवरूनच.

१७१४ म्हणजे जुनी आवृत्ती निघत नाही म्हणून नवी बसत नाही. प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर हाताने डिलीट केला असेल तर असं होऊ शकतं, कारण रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) नोंद मागे राहते. यासाठी मायक्रोसॉफ्टचा 'प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल' ट्रबलशूटर आहे, तो अडकलेल्या नोंदी काढतो. रजिस्ट्री क्लीनर वापरू नका. आणि विंडोज फोल्डरच्या आत 'इन्स्टॉलर' नावाचा लपवलेला फोल्डर असतो, तो जागा करण्यासाठी कधीही रिकामा करू नका. अनइन्स्टॉल आणि अपडेट करायला लागणाऱ्या मूळ फाइली तिथेच असतात.

१९३५ असेल तर बहुधा विंडोजचे स्वतःचे घटक बिघडले आहेत. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ', ते पूर्ण झाल्यावर 'एसएफसी /स्कॅननाऊ'. क्रम हाच ठेवा, कारण दुसरी आज्ञा दुरुस्तीसाठी ज्या साठ्यातून फाइली घेते तो साठा पहिली आज्ञा नीट करते.

आता एक कारण, जे इंग्रजी उत्तरांत फारसं भेटत नाही पण आपल्याकडच्या घरांत असतं. विंडोज बसवताना खात्याचं नाव कुणी देवनागरीत टाकलं आहे का? युजर्स फोल्डर उघडून बघा. तिथे मराठी नाव दिसलं तर जुन्या बांधणीच्या सेटअपला ते वाचता येत नाही. असे सेटअप युनिकोडऐवजी (सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या पद्धतीऐवजी) विंडोजचं जुनं कोडपेज, म्हणजे ठरावीक लिपीपुरता अक्षरांचा तक्ता, वापरतात, आणि देवनागरीसाठी तसं कोडपेजच नाही. मग प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि प्रश्नचिन्ह तर विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात चालतच नाही. लॉगमध्ये 'युजर्स'पुढे ???? दिसले की समजा, गाठ इथेच आहे.

यावर उपाय असा: सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचा 'टेम्प' फोल्डर करा. स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' शोधून 'फॉर युवर अकाउंट' असलेला पर्याय उघडा आणि टेम्प व टीएमपी या दोन्हींना तो नवा पत्ता द्या. साइन आउट करून पुन्हा या आणि सेटअप चालवा. एवढ्याने भागलं नाही तर इंग्रजी नावाचं नवं ॲडमिन खातं उघडून त्यातून बसवा. सेटिंग्जमध्ये जुन्या खात्याचं नाव बदलून काही होणार नाही, कारण आतल्या फोल्डरचं नाव तेच राहतं; आणि तो फोल्डर हाताने बदललात तर खातं नीट उघडणारही नाही.

सॉफ्टवेअर बसलं पण उघडताना 'व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल नाही' असं म्हणालं, तर ती एकटी फाइल कुठल्यातरी साइटवरून आणू नका. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल घ्या, एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही. विंडोज ६४ बिट असलं तरी ३२ बिट सॉफ्टवेअरला एक्स८६ वालंच लागतं.

यातलं काहीच जुळलं नाही तर पहिल्या 'रिटर्न व्हॅल्यू ३' च्या वरच्या वीस ओळी इथे टाका. स्वतःचं नाव आणि लायसन्स की तेवढी खोडा.