पेनिसिलिन जंतूंना मारतं म्हणजे नेमकं काय करतं?

पेनिसिलिन जंतूला मारतं कसं आणि आपल्या पेशी त्यातून वाचतात कशा, असं तुम्ही विचारलंय. मालवणात माझं औषधांचं दुकान आहे. पावसाळी मासेमारी बंदीत समोरच्या पडवीत जाळी दुरुस्त करायला माणसं बसतात, त्यामुळे मला जाळ्याचाच दाखला सुचतो.

बहुतेक जंतूंच्या अंगाभोवती एक जाळं असतं. साखरेच्या साखळ्यांचे लांब धागे आणि त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या अमिनो आम्लांच्या गाठी. जंतूच्या आत क्षार-प्रथिनं दाटलेली, त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत शिरायला बघतं. स्टॅफिलोकोकससारख्या जंतूत हा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या कितीतरी पट असतो. जाळं आहे म्हणून तो शाबूत राहतो.

जंतू वाढायचा तर जाळंही वाढायला हवं. त्यासाठी त्याची काही एन्झाइमं (पेशीतली कामं करणारी प्रथिनं) जुने धागे कापतात, तर काही नवे धागे घालून गाठी मारतात. पेनिसिलिन दिसतं गाठ मारायच्या टोकासारखं. गाठ मारणारं एन्झाइम फसून त्याला धरतं आणि तिथेच अडकून पडतं. कापणारी एन्झाइमं मात्र कापतच राहतात! जाळ्याचे आस, म्हणजे भोकं, रुंदावत जातात आणि एका क्षणी जंतू फुटतो. त्याचा जीव जातो तो त्याच्याच कात्रीने.

आपल्या पेशींना हे जाळंच नाही, म्हणून त्या वाचतात. (ॲलर्जी हा वेगळा विषय, तिला हलक्यात घेऊ नका.) मायकोप्लाझ्मा या जंतूलाही जाळं नसतं, त्याच्यापुढे पेनिसिलिन हात टेकतं.

जो जंतू वाढतच नाहीये, त्याच्यावरही हे औषध फारसं चालत नाही. वाढ थांबवणारं औषध सोबत दिलं तर पेनिसिलिनची धार बोथट होऊ शकते, हे मेंदूज्वराच्या रुग्णांत 1951 सालीच दिसलं होतं. "ताप गेलो, मगे गोळ्यो कित्याक?" असं विचारणाऱ्यांनाही मी हेच सांगतो, मागे काही जंतू सुस्त पडून राहिलेले असू शकतात.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या तापासाठी) देतात ती डॉक्सिसायक्लिन वेगळ्या वाटेने जाते. ती जाळ्याला हात लावत नाही, जंतूचा प्रथिनं बनवणारा कारखाना अडवते. वाढ थांबते, उरलेलं काम आपलं शरीर करतं.

दोडामार्गाकडचे लोक माकडतापालाही हीच गोळी मागतात. तो विषाणू, त्याला ना जाळं ना स्वतःचा कारखाना. मी आधी डॉक्टरकडे जा म्हणतो, ते रागावून दुसऱ्या दुकानात जातात.