शकुंतला रेल्वे आजही ब्रिटिशांच्या मालकीची आहे, हे खरं आहे का?

हा प्रश्न दिसला की डोकं फिरतं. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला धावणारी छोटी गाडी, आणि आम्ही तिच्या वाटेवरच्या अंजनगाव सुर्जीचे. त्या गाडीबद्दल विचारण्यासारखं एवढंच उरलंय का?

मार्ग खासगी कंपनीचा होता, हे खरं. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, तिचे एजंट किलिक निक्सन. इंग्रजांनी काढलेली, पण मुंबईतली पेढी. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीपर्यंत आणायला हे अडीच फुटी रूळ टाकले. स्वातंत्र्यानंतर बहुतेक कंपन्या सरकारने घेतल्या, ही राहून गेली. गाडी चालवायची सरकारी रेल्वे आणि रुळांपोटी पैसे घ्यायची कंपनी, असा तो करार. राणीला भाडं जातं वगैरे सगळं व्हॉट्सॲपवरचं.

आमचे भाऊजी पुण्याचे. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा हौसेने अचलपूरहून गाडीत बसले, मीही सोबत. मूर्तिजापूरपर्यंतच्या ७६ किलोमीटरला चार तास लागतात म्हटल्यावरच त्यांना हसू आवरेना. पुढे फाटक आलं. गाडी थांबली, गाडीवरचाच माणूस उतरला, त्याने फाटक लावलं, गाडी पलीकडे गेल्यावर उघडलं आणि पुन्हा चढला. भाऊजींनी व्हिडिओ काढला. पथ्रोटला एक म्हातारी शेतातून हात करत येत होती. गार्डने पाहिलं नि म्हणाला, "थांबा जराक, माय येऊन राह्यली." थांबली गाडी. डब्यात पानांच्या टोपल्या घेतलेल्या बाया होत्या, बनोस्याला उतरणारी कॉलेजची पोरं होती. त्यातलं काही भाऊजींनी टिपलं नाही. घरी येऊन आईसमोर म्हणाले, "याच्यापेक्षा एसटी बरी. बंद करा ही गंमत."

एसटी बरीच आहे हो, पण तिचं तिकीट कितीतरी पट होतं! मजुरी करणाऱ्या बाईला वेळ परवडतो, पैसा नाही, हे पगारदार माणसाला कसं सांगायचं? १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत इथे राबलं, मग डिझेल आलं. त्यानंतर रुळांकडे कुणी धड पाहिलं नाही. रूळ खचले की वेग कमी, वेग कमी झाला की प्रवासी कमी, आणि मग म्हणायचं गाडी तोट्यात. २०१६मध्ये ही लाइन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, करायची घोषणा झाली, लोकांनी पेढे वाटले. गाडी मात्र बंद पडली ती पडलीच.

तोटा होत नव्हता असं माझं म्हणणं नाही. यवतमाळच्या ११३ किलोमीटरच्या लाइनीचं मला फारसं ठाऊकही नाही. दारव्हा-कारंज्याकडचं कुणी असेल तर त्यांनी लिहावं.

तुम्हाला खरंच कळवळा असेल तर मालक कोण हे विचारत बसू नका. ब्रॉडगेजचं काय झालं, हे आपल्या खासदाराला विचारा. आणि भाऊजी, हे वाचत असाल तर, मागच्या दिवाळीत परतवाड्याची एसटी तीन तास आली नाही तेव्हा फोन करून कुणी बोंब मारली होती?