एकटा माणूस बरोबर निघतो तेव्हा

"सगळे तज्ज्ञ चूक आणि एकटा माणूस बरोबर, असे याआधीही घडले आहे ना?" कर्वेनगरमधील एका संगणक अभियंत्याने पहिल्याच भेटीत मला विचारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांचा मुलगा तेरा महिन्यांचा झाला होता, आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची गोवर-रुबेलाची लस स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) भीतीने त्यांनी लांबवली होती. पत्नीला लस द्यायचीच होती. दोघांतले बोलणे जवळजवळ थांबल्यावर ते माझ्याकडे समुपदेशनासाठी आले.

"डॉक्टरांवर विश्वास ठेवा," असे मी सुरुवातीला म्हणून बसले, आणि ती माझी चूक होती. ज्यांचा दिवस इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जातो, त्यांना ते 'प्रश्न विचारू नका' असेच ऐकू आले.

पुढच्या भेटीत त्यांनी बॅरी मार्शल यांचे उदाहरण दिले. अल्सर मानसिक ताणामुळे आणि आम्लामुळे होतो असे मानले जात असताना, ऑस्ट्रेलियातील मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे जिवाणू असल्याचे मांडले, १९८४ मध्ये मार्शल ते जिवाणू स्वतः प्यायले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. उदाहरण खरेच होते. मी एवढेच विचारले, की त्यांचे म्हणणे शेवटी पटले कशामुळे? आठवडाभराने ते स्वतःच उत्तर घेऊन आले: इतर देशांतील संशोधकांनाही तेच जिवाणू सापडले, प्रतिजैविके दिल्यावर अल्सर पुन्हा होण्याचे प्रमाण घटले, आणि मग १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने त्या उपचारांची शिफारस केली. धाडसाची गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. तज्ज्ञांचे मत बदलले ते मात्र त्यांनी स्वतः पडताळून पाहिल्यावर.

लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनाही हीच कसोटी लावून पाहू, असे मी म्हटले. 'द लॅन्सेट'मधला त्यांचा १९९८ चा लेख १२ मुलांवर आधारलेला होता. २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला आणि ब्रिटनमध्ये त्यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. पण माणूस बदनाम झाला म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले. ते खोटे ठरले ते पडताळणीत: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली गेली, आणि लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण अधिक आढळले नाही.

यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग भावाच्या मुलाबद्दल बोलू लागले. लस घेतल्यानंतर काही आठवड्यांतच त्या मुलाचे बोलणे थांबले होते, आणि हे त्यांनी घरात डोळ्यांनी पाहिले होते. खरे कारण इथे होते. वेकफिल्ड नंतर सापडले. स्वमग्नतेची लक्षणे अनेकदा ज्या वयात पालकांच्या ध्यानात येऊ लागतात, त्याच वयाच्या आसपास या लसी दिल्या जातात, म्हणून अनेक घरांत या दोन गोष्टी पाठोपाठ घडलेल्या दिसणारच, हे मी त्या दिवशी आकडे बाजूला ठेवून सावकाश समजावले.

आपल्या मुलाला कसली ॲलर्जी आहे का, ताप असताना लस द्यावी का, हे प्रश्न मात्र माझ्या अखत्यारीतले नव्हते. ते लिहून घेऊन दोघे एकत्र बालरोगतज्ज्ञांकडे गेले. मुलाला लस चौदाव्या महिन्यात दिली गेली. त्या रात्री आपण तीन वाजेपर्यंत त्याच्या उशाशी बसून होतो, असे त्यांनी नंतर काहीसे ओशाळून सांगितले, आणि पत्नीने पहिल्यांदाच माझ्यासमोर त्यांची बाजू घेतली: "मीही जागीच होते."